एकास चोवीस

आमच्या साडूंच्या लेखी माझी उंची सात सेंटीमीटर आहे. हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं, तेही आमच्याच घरी गणपतीला आलेले असताना, हातात आमच्याच मोदकाची वाटी धरून. "साडूभाऊ, तुम्ही एकशे अडुसष्ट ना? म्हणजे सात. बरोब्बर सात. बाकी शून्य." भागाकार निःशेष गेल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर इतकं निर्मळ होतं, की मला रागावताही येईना. बायको एकशे पंचावन्न. तिला चोविसाने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे त्यांनी तिच्यात फारसा रस घेतला नाही.

साडू गाड्यांची छोटी मॉडेलं करतात. 'करतात' म्हणायचं, 'जमवतात' म्हणायचं नाही. तो शब्द एकदा माझ्या तोंडून गेला आणि मेव्हणीने, म्हणजे आमच्या ताईंनी, मला डोळ्यांनीच गप्प केलं. जमवणारा तयार गाडी विकत घेतो, काचेच्या कपाटात ठेवतो आणि रविवारी पुसतो. करणारा खोक्यातून प्लास्टिकचे तुकडे काढतो, वर्षभर खपतो, आणि त्याच्याकडे पुसण्यासारखं काही तयारच नसतं. साडूंच्या कपाटावर न उघडलेली एकतीस खोकी आहेत आणि पुऱ्या झालेल्या गाड्या चार. हा हिशेब ताईंचा. साडूंच्या मते त्या चारांतलीही एक अजून व्हायची आहे.

त्यांचं सगळं विश्व एकास चोवीस या प्रमाणात चालतं. मूळ हिशेब इंचा-फुटांचा आहे : खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे मॉडेलचा अर्धा इंच. अमेरिकेत पुष्कळ किट एकास पंचवीसची निघतात. या एका आकड्याच्या फरकाबद्दल साडू ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात पूर्वी लोक आंतरजातीय लग्नाबद्दल बोलत. खिशात मावणाऱ्या, साधारण एकास चौसष्टच्या गाड्या पोरांच्या, असा माझा समज होता. १९६८ साली हॉट व्हील्स निघाली ती पोरांसाठीच. पण त्यातही मोठ्या माणसांचा एक पंथ आहे. हे लोक दीड-दोनशे रुपयांची गाडी आणतात, उलटी करून खालच्या रिव्हेटला ड्रिल मारतात, पत्र्याचा रंग उतरवतात, प्लास्टिकची चाकं काढून रबरी टायरची घालतात आणि पुन्हा रंगवून बंद करतात. तोवर खर्च दोन हजारांवर गेलेला असतो आणि गाडी कोणालाही हात लावू देण्याच्या पलीकडे गेलेली असते. घरात लहान मूल असलंच तर त्याला दुसरी आणून देतात.

या नादाला साडू लागले ते नोकरीमुळे, असं माझं मत आहे. ते एका विमा कंपनीत मोटारींचे दावे तपासतात. दिवसभर लोकांच्या गाड्यांचे पोचे बघायचे, हा पोचा नवा की जुना, खांबाचा की बायकोचा, हे ठरवायचं. सात-आठ वर्षांपूर्वी एक सहकारी जपानहून आला आणि साडूंसाठी शिझुओकाच्या तामिया कंपनीचं एक खोकं घेऊन आला. खोक्यावर एक तांबडा आणि एक निळा असे दोन तारे, आत निसान स्कायलाइन. प्लास्टिकच्या काड्यांच्या चौकटीला गाडीचे सगळे अवयव कैऱ्यांसारखे लटकलेले. या चौकटीला स्प्रू म्हणतात. पोचा न पडलेली गाडी साडूंनी बऱ्याच वर्षांनी पाहिली असावी.

पहिल्या स्कायलाइनचं जे झालं ते प्रत्येक नवशिक्याचं होतं. काचा त्यांनी सुपरग्लूने चिकटवल्या. सुपरग्लू सुकताना त्याची वाफ जवळच्या पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी होऊन बसते, हे खोक्यात कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. सकाळी उठून पाहतात तर गाडी शिझुओकाची आणि काचा ऑगस्टातल्या महाबळेश्वरच्या. मग रंग बिघडला म्हणून तो उतरवायला त्यांनी ताईंचं नेलपॉलिश रिमूव्हर घेतलं. त्यात अॅसिटोन होतं. अॅसिटोन नखावरचा रंग काढतं आणि नख ठेवतं. या प्लास्टिकच्या बाबतीत ते असा भेदभाव करत नाही. बॉनेट तुपासारखं विरघळलं. ती गाडी अजून आहे. अपघातग्रस्त म्हणून कपाटात उभी आहे, आणि साडूंनी धंद्याला जागून तिचा दावा नामंजूर केला आहे.

पुढे ते शिकले. चारशे नंबरचा पॉलिश पेपर, मग सहाशे, मग हजार, मग दोन हजार, सगळं पाण्यात भिजवून. मग प्रायमर, मग रंगाचे हात, इतके पातळ की पहिल्या हाताने काही झालं आहे असं वाटूच नये. आणि रंगकामाबरोबर त्या घरात, साडूंच्या आजीच्या माघारी पहिल्यांदा, सोवळं परत आलं. रंगाच्या दिवशी बाथरूममध्ये शॉवर दोन मिनिटं सोडायचा, हवेतली धूळ खाली बसते. कपड्यांचे तंतू उडतात म्हणून साडू अंगावर फक्त प्लास्टिकचा रेनकोट घालतात. मग आत कोणी यायचं नाही, शिवायचं नाही, दार वाजवायचं नाही. रंगवलेली गाडी लगेच पोळ्यांच्या डब्याखाली झाकून ठेवायची; पोळ्या त्या दिवशी ताटलीत. आजींच्या सोवळ्यात निदान शेवटी जेवायला मिळायचं.

चातुर्मासही पाळतात. पावसाळी हवेत लॅकरचा रंग सुकता सुकता पांढुरका पडतो, चकाकी जाते. ठाण्यात आषाढापासून हवा पिळून पाणी काढता येतं. म्हणून त्या चार महिन्यांत फक्त घासकाम, कातरकाम आणि चिंतन. कार्तिकी झाली की कॉम्प्रेसर बाहेर येतो. लोक लग्नाचे मुहूर्त बघतात त्या सुमाराला साडू आर्द्रतेचा आकडा बघतात.

हत्यारांसाठी ते मुंबईत नागदेवीला जातात, तिथून अर्ध्या मिलिमीटरची ड्रिलं आणतात. चिमटे सोनाराच्या सामानाच्या दुकानातून. नखं घासायच्या कानशी बायकांच्या दुकानातून, आणि तिथे ते 'मिसेससाठी' असं न विचारता सांगतात. उरलेला माल स्वयंपाकघरातून येतो. मोहरीचा दाणा दीड-दोन मिलिमीटरचा असतो. चोवीसने गुणला की गिअरच्या दांड्याची मूठ. पाच सेंटीमीटरची गोष्ट त्यांना दाखवली की ते ताबडतोब डाळींच्या डब्यांकडे बघतात. जुन्या पत्र्यावरचा गंज दाखवायचा तर आधी गंजाचा रंग द्यायचा, पृष्ठभाग ओला करून मीठ भुरभुरायचं, वरून गाडीचा रंग मारायचा आणि सुकल्यावर मीठ टूथब्रशने झाडायचं : जिथे खडे होते तिथे गंज उघडा पडतो. म्हणजे एका गाडीला मीठही लागतं आणि मोहऱ्याही. दृष्ट आधीच काढून झालेली असते.

चिमट्यातून सुटलेला भाग कुठे जातो, हे भौतिकशास्त्राला अजून सांगता आलेलं नाही. वायपर, आरसा, दाराची मूठ 'टिक्' असा आवाज करून या जगातून निघून जातात. साडू मग मोबाइलचा दिवा लावून जमिनीला कान लावल्यासारखे पडून असतात. पण खरा शोध सकाळी केर काढणाऱ्या मावशी लावतात. त्यांनी खिडकीत एक वाटी ठेवली आहे आणि काळं, बारीक, संशयास्पद जे मिळेल ते तीत टाकतात. एकदा त्या वाटीत दोन आरसे, शर्टाचं बटण, एक लवंग आणि मेलेली मुंगी होती. साडूंनी भिंग लावून पाऊण तास पाहिलं आणि मुंगी परत केली. मावशी आता दुसऱ्या घरी कामाला लागताना 'गाडीचं काम येतं' असं सांगतात म्हणे.

साडूंच्या देवघरात एक गोष्ट आहे, ती ते दर वेळी सांगतात. १९७६ मध्ये तामियाने पोर्शे ९३४ चं एकास बाराचं मॉडेल काढलं. ते अचूक व्हावं म्हणून कंपनीने खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि मापं घ्यायला पार सुटी केली. "विकत घेतली आणि सुटी केली!" हे सांगताना साडूंचा आवाज कापतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ताई शांतपणे एवढंच म्हणाल्या, "आपल्या गाडीला हात लावलात तर बघा." त्या कंपनीचे सर्वेसर्वा शुन्साकू तामिया २०२५ च्या जुलैत वारले, तेव्हा साडूंनी तीन दिवस एकही भाग चिकटवला नाही. त्यांच्या सख्ख्या मावसकाकांच्या वेळी त्यांनी दुसऱ्याच दिवशी डिकी बसवली होती.

'आपली गाडी' म्हणजे खाली पार्किंगमधली. तिच्या उजव्या दाराच्या खाली गेली तीन वर्षं खरा गंज आहे, मिठाशिवाय आलेला. पुढच्या बंपरला पोचा आहे. तो साडू जाता-येता बघतात आणि "सुंदर आहे," म्हणतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या प्रीमिअर पद्मिनी टॅक्सीचं आयुष्य संपलं. शेवटची ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवलेली होती. वीस वर्षांची मुदत भरली. पेपरात फोटो आले, लोक हळहळले, आणि सोमवारी नेहमीसारखे रांगेत उभे राहून मिळेल त्या टॅक्सीत बसले. साडू हळहळले नाहीत. त्यांनी चोवीसने भागलं. साधारण सोळा सेंटीमीटर.

जपानी खोक्यात पद्मिनी नसते. एका तरुण मुलाकडून त्यांनी सांगाडा थ्रीडी प्रिंटरवर काढून आणला. अशा सांगाड्याच्या अंगावर बारीक रेघा असतात, एकावर एक थर साचल्याच्या; त्या घासण्यात श्रावण गेला. मग पिवळ्याचा प्रश्न. टपाच्या पिवळ्यासाठी तामियाचा टीएस-१६ की टीएस-३४? सोळा फार लिंबाळलेला, चौतीस फार हळदुला. प्लास्टिकच्या डझनभर चमच्यांवर वेगवेगळी मिश्रणं फवारून साडू ते चमचे घेऊन सीएसएमटीसमोर गेले आणि उभ्या टॅक्सींच्या टपांना एकेक चमचा लावून पाहू लागले. पद्मिनी गेली तरी पिवळा होता. ड्रायव्हर मंडळींतल्या दोघातिघांनी आरटीओचा माणूस समजून गाड्या काढल्या, एकाने चहा पाजला. नववा चमचा जुळला. घरी आल्यावर साडूंनी तो थोडा फिका केला, कारण लहान मॉडेल म्हणजे लांबून पाहिलेली गाडी आणि लांबचा रंग फिकाच दिसतो. एवढ्यासाठी सीएसएमटीला कशाला जायचं, हे मी विचारलं नाही.

आतलं काम मात्र मी तोंडात बोट घालून पाहिलं. सबंध लांब पुढची सीट. स्टिअरिंगच्या दांड्यावरच गिअर, टोकाला मोहरी. डॅशबोर्डवर तीन मिलिमीटरचा गणपती. त्याला सोंड आहे की नाही हे श्रद्धेवर. बाहेर डाव्या बाजूला खटक्याचं मीटर, टपावर कॅरिअर. स्प्रूची काडी निरांजनावर धरून ओढली की केसाएवढा तंतू निघतो. त्याच्यावर पुढच्या बंपरला लिंबू-मिरची ओवलेली. लिंबू म्हणजे अर्थात दुसरी मोहरी, पिवळी केलेली. आणि चारी दारांच्या कडांची फट सगळीकडे सारखी, पंचमांश मिलिमीटरहून कमी. त्या फटीवर त्यांनी एक अख्खा मार्गशीर्ष घालवला होता.

गाडी पुरी झाली, खरंच पुरी झाली. समोरच्या चाळीत एक काका राहतात, साताऱ्याकडचे. तीस वर्षं पद्मिनी चालवून आता घरी बसलेत. साडूंनी त्यांना मुद्दाम बोलावलं. ताईंनी पोहे केले. मीही होतो. काकांनी चष्मा लावला, गाडी तळहातावर घेतली, डोळ्यांपाशी नेली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मीटरकडे बघून हसले. "झेंडा पाडायला जोर लागायचा हो याचा," म्हणाले. गाडी हळूच फिरवली, मागून पाहिली, बाजूने पाहिली.

"सगळं बरोबर हाय, साहेब. पण ह्ये मागचं डावं दार..."

"काय झालं त्याला?"

"लागलंय की नीट! तीस वर्षांत पयल्या दणक्यात कधी लागलं न्हाई ते. पाशिंजरला सांगावं लागायचं, 'जोरात मारा.' जरा तिरकंच असायचं."

साडूंनी गाडी परत घेतली. दिव्याखाली धरली. ताईंनी पोह्यांची बशी त्यांच्या हाताखालून काढून घेतली, टेबलावर जुना पेपर पसरला आणि खिडकीतली वाटी आणून शेजारी ठेवली. साडूंनी कटरचं नवं पातं लावलं.