सीव्ही आधी वाचा, कॉलेज नंतर

नाशिकच्या लॉ कॉलेजांतली कितीतरी मुलं सध्या एकच काम नेमाने करत आहेत. मुंबईच्या कॉर्पोरेट लॉ फर्मना इंटर्नशिपसाठी मेल पाठवणं. लोअर परळला पाठवतात, नरिमन पॉइंटला पाठवतात, बीकेसीला पाठवतात. बहुतेकांना उत्तर येत नाही. नकार आला तरी बरं वाटतं, कारण कोणीतरी मेल उघडला एवढं तरी कळतं.

ही मुलं हौस म्हणून दारं ठोठावत नाहीत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या एलएलबीला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे इंटर्नशिप सक्तीची आहे. तीही एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. सक्ती झाली, पण जागा कुठून आणायची हे मुलावर सोडून दिलं. मग ज्याचा काका वकील, त्याला काकाच्या लेटरहेडवर सर्टिफिकेट मिळतं. ऑफिसची पायरी न चढताही मिळतं. कॉलेज ते फायलीला लावतं आणि १२ आठवडे भरले असं सगळे मिळून मान्य करतात. मुलगा मात्र कोराच राहतो.

मोठ्या फर्मचं दार आणखी जड आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत इंटर्नशिपसाठी वेगळ्या समित्या असतात, त्या अर्ज एकत्र करून पाठवतात. फर्मच्या जागा कित्येक महिने आधी भरतात. आपल्या मुलांना सेमिस्टरचं वेळापत्रक परीक्षा तोंडावर आल्यावर कळतं, त्यामुळे मे महिन्यात मोकळा आहे की नाही हे जानेवारीत छातीठोकपणे सांगणं त्यांना जमत नाही. त्यातून जागा मिळालीच, तर महिनाभर मुंबईत राहायचं कुठे? पंचवटी एक्स्प्रेसने रोज जाऊन-येऊन नोकरी करणारे नाशिककर खूप आहेत, पण परतीची पंचवटी संध्याकाळीच सुटते आणि फर्ममधला दिवस तेव्हा संपत नाही. बिनपगारी महिना ज्याच्या घराला परवडतो, तोच तिथे शिकतो. ही निवड गुणांवर होते असं म्हणणं खोटं आहे.

ओळखीवर चालणाऱ्या व्यवसायाने काय गमावलं, हे मुंबईला तरी सांगावं लागू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२ साली लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि पुढच्या वर्षी मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. त्या काळी बॅरिस्टरकडे काम यायचं ते सॉलिसिटरच्या हातून. अस्पृश्य बॅरिस्टरला काम द्यायला सॉलिसिटर फर्म तयार नव्हत्या. एवढा विद्वान माणूस गरिबांच्या आणि मुंबईबाहेरच्या खटल्यांवर सुरुवातीचे दिवस काढत होता. १९३० साली त्यांच्याच नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह झाला. मंदिराचा बंद दरवाजा जगाला दिसला. फर्मचा बंद दरवाजा कुणाला दिसत नाही, म्हणून तो अजून बिनबोभाट टिकून आहे.

जिथून ही फर्मची पद्धत आली, त्या इंग्लंडकडे बघा. तिथे सॉलिसिटर व्हायला दोन वर्षांचं ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट लागायचं आणि ते मिळवण्याचा राजमार्ग म्हणजे सुट्टीतली काही आठवड्यांची व्हेकेशन स्कीम. या स्कीमच्या तारखा फर्म जाहीर करतात आणि मोठ्या फर्म त्या आठवड्यांचे पैसेही देतात. २०२१पासून नवी सॉलिसिटर परीक्षा आली. आता दोन वर्षांचा अनुभव चार वेगवेगळ्या ठिकाणी मिळून घेतला तरी चालतो, विधी साहाय्य केंद्रातलं कामही धरलं जातं. लंडनच्या अनेक फर्म उमेदवाराचे गुण त्याच्या शाळेच्या सरासरीशी ताडून बघतात. साध्या शाळेतून वर आलेल्याचे तेवढेच गुण जास्त मोलाचे, हे त्यांना पटलं आहे. तिथेही सगळं न्याय्य झालेलं नाही, पण निदान प्रश्न मान्य आहे. आपल्याकडे तो प्रश्नच मानला जात नाही.

आता मुलांसाठी दोन शब्द. ‘मला कॉर्पोरेट लॉमध्ये रस आहे’ हे एकच वाक्य पन्नास फर्मना पाठवू नका. कॉर्पोरेट कायदा तुमच्या दारात आहे. एमआयडीसीचा भूखंड मालकीने मिळत नाही, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मिळतो. तो दुसऱ्याच्या नावावर करायला एमआयडीसीची परवानगी लागते. असा एक व्यवहार सातपूर किंवा अंबडमध्ये पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत बघा. मोठ्या कंपनीने लहान पुरवठादाराचे पैसे अडकवले, तर २००६च्या एमएसएमई कायद्यात ४५ दिवसांची मर्यादा आहे. ती ओलांडली की बँक दराच्या तिप्पट दराने, तेही चक्रवाढ व्याज लागतं. असा एक दावा सिनियरबरोबर बसून तयार करा. एका जमिनीचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट स्वतः लिहा. सातबारा आणि फेरफार सहज वाचता येणं हे तुमचं भांडवल आहे. गोदामासाठी किंवा सोलर प्रकल्पासाठी जमीन घेताना मुंबईच्या फर्म नेमक्या त्याच कागदांवर अडतात आणि भाषांतरकार शोधत बसतात. सीव्हीत पहिल्या ओळीला हे काम लिहा. मूटकोर्टची बक्षिसं त्याच्या खाली येऊ द्या.

फर्मकडे मागण्या तीन. अर्जाच्या तारखा आणि जागा वेबसाइटवर जाहीर करा. पहिल्या चाळणीत कॉलेजचं नाव झाका. महिन्याचं खोलीभाडं आणि जेवण भागेल एवढं मानधन द्या. शंभर कोटींच्या करारांवर सही घेणाऱ्यांना हे जड नाही. विद्यापीठाने परीक्षांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीला सांगाव्यात आणि पाळाव्यात.

आणि नाशिकच्या सिनियर वकिलांनो, तुमच्याकडे मागणी सर्वांत सोपी आहे. या उन्हाळ्यात ओळख नसलेल्या एका मुलाला चार आठवडे घ्या. झेरॉक्सला पिटाळू नका, ड्राफ्ट करायला द्या, चुका लाल पेनाने दाखवा. शेवटी सर्टिफिकेटवर त्याने खरोखर केलेलं काम लिहा. असं सर्टिफिकेट हाती असलेला मुलगा लोअर परळला मेल पाठवेल, तेव्हा वशिल्याची वाट पाहणार नाही. त्याच्याकडे दाखवायला काम असेल.