लिंबाची गोळी, सोड्यात विरघळलेली

लिम्का मूळची गोळ्या बनवणाऱ्या घराण्याची, हे पिताना जिभेला कळतं. मोहनलाल दयाळ चौहान यांनी 1929 मध्ये विलेपार्ल्यात कारखाना काढला, तो गोळ्यांचा. बिस्किटं 1939 मध्ये आली. त्याच घराण्यातून 1971 मध्ये लिम्का बाजारात उतरली आणि 1993 मध्ये कोका-कोलाकडे गेली. मालक बदलला, घडण गोळीचीच राहिली: साखर, सायट्रिक आम्ल आणि लिंबाचा वास. वर वायू भरला की झाली बाटली तयार.

मे महिन्यात वाशीमच्या पाटणी चौकात उभं राहून थंडगार लिम्का प्यावी. पहिला घोट सुखाचाच आहे. नाकात झिणझिण्या येतात, वास टाळूला भिडतो, आंबटपणा चटकन येतो आणि तितक्याच चटकन जातो. मग नुसती साखर. बाटली जरा कोमट झाली की पाकच उरतो. सालीजवळचा किंचित कडवटपणा, रसाचा जिभेवर रेंगाळणारा आंबटपणा यात नाही. गाडीवरचा माणूस सोड्यात अर्धं लिंबू पिळून चिमूटभर काळं मीठ टाकतो. माझ्या मते तो पेला केव्हाही सरस.

बाटलीतला धुरकट रंगही रसाचा नव्हे. पाण्यात विखरून धरलेल्या सुगंधी तेलाचा तो रंग. तेल वर येऊ नये म्हणून पूर्वी ब्रोमिनयुक्त वनस्पती तेल घालत. भारताने त्यावर 1990 मध्ये बंदी घातली, अमेरिकेने थेट 2024 मध्ये. याबाबतीत आपण शहाणे निघालो.

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. वऱ्हाडात लिंबाच्या बागा आहेत. वाशीमशेजारच्या अकोल्याचं कृषी विद्यापीठ लिंबाचे वाण काढतं. उन्हाळ्यात भाव हवा तर हस्त बहार, म्हणजे पावसाळा सरतानाचा फुलोरा, धरावा लागतो, त्यासाठी पावसाळ्याच्या शेवटी झाडाला पाण्याचा ताण द्यायचा. पण परतीचा पाऊस तो बसू देत नाही. आंबिया बहाराचं फळ ऐन पावसाळ्यात येतं, तेव्हा सोडा प्यायला कोण येतो? भाव कोसळतो, तोडणीची मजुरीसुद्धा जड होते. तो रस काढून, टिकवून पुढच्या एप्रिलपर्यंत पोचवणं एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातलं नाही. ज्यांच्याकडे शीतगृहं, यंत्रं आणि गावोगाव जाणारे ट्रक आहेत, त्यांना ते सहज जमेल.

गोळीवाल्यांनी आणि पेयवाल्यांनी पावसाळ्यात वऱ्हाडात येऊन लिंबू घ्यावं आणि बाटलीत खरा रस घालावा. तोवर वाचकहो, झाकण उघडण्याआधी बाटलीवरचे घटक वाचा. रस दिसला नाही, तर बाटली परत ठेवा आणि गाडीवाल्याला लिंबू पिळायला सांगा.