डॉट-कॉन्फिग यांना अनावृत पत्र

प्रति,
श्री. डॉट-कॉन्फिग,
राहणार होम फोल्डर (दारावर पाटी नाही).

विषय : बोरिवलीतल्या एका सोसायटीचा संगणक ऐन बिलांच्या दिवशी काळा पाडल्याबद्दल आपले अभिनंदन.

महोदय,

मुहूर्त गाठावा तर आपणच. मेंटेनन्सची बिलं छापायची, थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डावर लावायची, आणि त्याच्या आदल्या रात्री लिनक्सची नवी आवृत्ती चढलेली. अपग्रेड कसं अगदी सरळ पार पडलं! एक तक्रार नाही, एक लाल ओळ नाही. मशीन पुन्हा सुरू झालं, पासवर्ड मागितला, स्वीकारलाही. आणि मग काळा पडदा. मधोमध माउसचा पांढरा बाण. तो हवा तिकडे फिरतो, पण क्लिक करायला खाली पॅनल नाही, मेनू नाही, काही नाही.

आपण मात्र मौनात होतात. शिव्या इतरांनी खाल्ल्या. ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरनं खाल्ल्या, प्रिंटरनं उगाचच खाल्ल्या. खजिनदारांनी "फुकटातलं ते फुकटातलंच" हा ठेवणीतला शेरा मारला. स्टेशनजवळच्या दुकानातल्या मुलानं मशीन न बघता फोनवरच निदान केलं : "काका, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो." या मुलाकडे ताप, खोकला, मोडलेलं हाड, सगळ्यावर तेच औषध असतं.

माझा पहिला संशय वेलँडवर होता, हे आपल्याला ऐकून गंमत वाटेल. पडद्यावर खिडक्या दाखवणारी, एमआयटीत १९८४ साली जन्मलेली एक्स विंडो प्रणाली आता निवृत्तीला आली आहे आणि २००८ साली सुरू झालेलं वेलँड तिच्या खुर्चीवर बसतंय. आमच्या पिढीला एक्सबद्दल जरा माया आहे. जुहूच्या एनसीएसटीत, म्हणजे आजच्या सी-डॅक मुंबईत, 'इंडिक्स' या नावानं खुद्द एक्समध्ये देवनागरी बसवायचं काम झालं होतं. त्यामुळे नवीन आलेल्यावर संशय घेणं सोयीचं होतं. पण लॉगिनच्या पडद्यावर जुनं एक्सचं सत्र निवडून पाहिलं, तर तिथेही तोच काळोख. वेलँड सुटलं. मग कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून अक्षरांच्या पडद्यावर गेलो. तिथे ना खिडक्या ना चित्रं, म्हणून तिथे आपली मात्रा चालत नाही. डिस्क भरली की डेस्कटॉप असाच रुसतो, म्हणून 'डीएफ' ही आज्ञा देऊन पाहिलं. जागा भरपूर होती.

शेवटी एक नवा युजर काढला. कोरा, इतिहास नसलेला. त्याच्या नावानं लॉगिन केलं आणि डेस्कटॉप लखलखीत! तेच मशीन, तोच ड्रायव्हर, तोच कर्नल. मग बिघाड राहणार कुठे? जुन्या युजरच्या घरात. म्हणजे आपल्याकडे, प्रोग्रॅमांच्या सेटिंग्ज सांभाळणाऱ्या लपलेल्या फोल्डरकडे.

आपली युक्ती उपनगरात राहणाऱ्याला समजायला वेळ लागू नये. इमारत पुनर्विकासाला गेली, नवा टॉवर उभा राहिला, पाइप नवे, वायरिंग नवं, आणि एक जुने सभासद आपलं गंजलेलं लोखंडी कपाट जसंच्या तसं घेऊन नव्या फ्लॅटमध्ये शिरले. कपाट दारात अडकलं, आता कुणालाच आत जाता येत नाही. अपग्रेड प्रोग्रॅमांचं 'यूएसआर' फोल्डर पाडून नवं बांधतं. सिस्टिमच्या सेटिंग्जच्या 'ईटीसी'मधली, वापरणाऱ्यानं बदललेली फाइल आडवी आली, तर डेबियनच्या घराण्यात निदान विचारतात तरी : तुमची ठेवू की आमची बसवू? होमचं दार मात्र कुणी ठोठावत नाही. वापरणाऱ्याचं घर वापरणाऱ्याचं, हे तत्त्व मला मान्य आहे. आपण त्याचा जो फायदा उठवता, तो मान्य नाही. आमच्याकडे पुनर्विकासाला ५१ टक्के संमती पुरते. आपलं एकट्याचं 'नाही' सगळा डेस्कटॉप अडवतं.

आणि काय दडवून ठेवलं होतंत पोटात! प्लाझ्मा डेस्कटॉप कुठलं पॅनल कुठल्या पडद्यावर ठेवायचं याची नोंद आपल्याच एका फाइलमध्ये करतो. आमचं पॅनल कुठे होतं? सर्वसाधारण सभेला भाड्यानं आणलेल्या प्रोजेक्टरवर. प्रोजेक्टर केव्हाच परत गेला. आपण अजून त्याच्या भिंतीवर मेनू मांडून बसला होतात. जोडीला पाचव्या आवृत्तीसाठी लिहिलेली विजेट्स. प्लाझ्माची सहावी आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, तेव्हापासून ही विजेट्स चालत नाहीत, पण आपल्या वहीत ती अजून हजर. ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी फार हसू नये. सप्टेंबर २०२३ च्या ग्नोम ४५ नं एक्स्टेन्शनची घडणच बदलली, तेव्हा जुनी सगळी एक्स्टेन्शन्स एका फटक्यात बाद झाली. ती आपले चुलतबंधू डॉट-लोकल सांभाळतात. घराणं एकच.

आपल्या अदृश्यपणाचा तर इतिहासच विनोदी आहे. युनिक्सच्या जुन्या मंडळींपैकी रॉब पाइक यांनी २०१२ साली सांगितलं, की 'एलएस' या आज्ञेनं मिळणाऱ्या फायलींच्या यादीत टिंब आणि दोन टिंबं या नोंदी दिसू नयेत म्हणून कुणीतरी घाईनं फक्त पहिलं अक्षर तपासलं, आणि टिंबानं सुरू होणारी प्रत्येक फाइल लपली. म्हणजे आपला बुरखा हा नुसता अपघात! त्यावर आपण एवढी इस्टेट उभी केलीत.

मी आपल्याला पुसून टाकलं नाही. दयेनं नाही, नाइलाजानं. लिबरऑफिसला शिकवलेले सगळे मराठी शब्द आपल्याच ताब्यात, ब्राउझरची बुकमार्क्स आपल्याच ताब्यात. एवढंच काय, कुठला देवनागरी फॉन्ट आधी वापरायचा हेही आपणच ठरवता. आपल्याला बाजूला केलं त्या दिवशी बिलांवर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे छापले गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी थकबाकी भरायच्या आधी ते दाखवून दिलं.

म्हणून शिक्षा अशी : 'एमव्ही' या आज्ञेनं आपलं नाव यापुढे 'डॉट-कॉन्फिग-जुनं'. घरात नवं, रिकामं डॉट-कॉन्फिग नांदेल. लिबरऑफिस, ब्राउझर आणि फॉन्ट यांचे फोल्डर एकेक करून, दर वेळी लॉगिन तपासून परत येतील. पॅनल आणि विजेट्सची फाइल परत येणार नाही. अपील नाही.

आपला,
बिलं उशिरा वाटणारा एक सभासद

ता. क. वाचकांसाठी : अपग्रेडनंतर डेस्कटॉप काळा पडला, तर कुणालाही फॉरमॅट मारू देण्याआधी एक नवा युजर काढून लॉगिन करून पाहा. तो चालला, तर तुमचं लिनक्स शाबूत आहे आणि बहुधा तुमच्या फायलीही.