जामीनदार कोण?

इंग्रजांची टोळी कामाला लागलेली बघायची आणि तिच्यावर मत ठोकायचं, ही नगरची फार जुनी परंपरा आहे. 8 ऑगस्ट 1803 ला आर्थर वेलस्लीनं नगरच्या पेठेवर हल्ला केला. तटाला भगदाड पाडायला तो तोफा लावत बसला नाही. शिड्या लावल्या, माणसं वर चढवली, आत उतरवली आणि पेठ घेतली. त्याच्या छावणीत तेव्हा गोखले नावाचे एक मराठा सरदार होते. त्यांनी पुण्याला मित्रमंडळींना जे कळवलं, ते इंग्रजांनी मोठ्या कौतुकानं आपल्या इतिहासात नोंदवून ठेवलं. त्याचा मतलब असा, की ही माणसं विचित्रच आहेत. सकाळी आली, भिंत बघितली, भिंतीवरून पलीकडं गेली, आतल्यांना मारलं आणि न्याहारीला परत आली.

परीक्षण म्हणून यात काय कमी आहे? कथानक आहे, हाणामारी आहे, कमी खर्चातली निर्मिती आहे (शिड्याच तर होत्या), आणि शेवटाला खाण्याचा विषय आहे. त्याशिवाय मराठी माणसाचं कुठलंही मत पुरं होत नाही. चार दिवसांनी किल्लाही पडला. पुढं इंग्रजांना नगरनं परतफेडही केली. त्यांचा थोर विनोदी नट आणि लेखक स्पाइक मिलिगन 1918 च्या एप्रिलमध्ये नगरलाच जन्मला. हे विषयाला सोडून आहे, पण नगरचा माणूस ही माहिती दिल्याशिवाय पुढं सरकत नाही.

गुंड या विषयात आम्हाला अधिकार असण्याचं दुसरं कारण म्हणजे सदाशिव अमरापूरकर. ते आमचे. 1983 च्या 'अर्धसत्य'चं दिग्दर्शन गोविंद निहलानींचं, पटकथा विजय तेंडुलकरांची, नायक ओम पुरी. पण आमच्या घरात तो पिक्चर रामा शेट्टीचा म्हणूनच ओळखला जातो. रामा शेट्टी म्हणजे अमरापूरकर. आवाज चढवायचा नाही, धावायचं नाही, बसल्या जागेवरून समोरच्याची उंची कमी करायची. पुढं 'सडक'मधल्या महाराणीसाठी फिल्मफेअरनं त्यांना खलनायकाचं पारितोषिक दिलं, आणि ते पारितोषिकच त्या वर्षी पहिल्यांदा निघालं होतं. त्यामुळं पडद्यावर कुठलाही गुंड आला की आम्ही त्याला आधी रामा शेट्टीच्या शेजारी उभं करून बघतो. निम्मे तिथंच बाद होतात, कारण ते ओरडतात.

अशा घरात माझा भाचा लंडनहून दिवाळीला आला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही लोकांनी ब्रिटिश गँगस्टर पिक्चर बघितलाच नाही?"

बघितला नव्हता. भाऊबीजेला सगळे जमलेच होते. त्यानं टीव्हीला काहीतरी जोडलं आणि 'लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स' लावला. गाय रिची या दिग्दर्शकाचा पहिला मोठा चित्रपट, साल 1998. प्रेक्षकांत माझी आई, शेवगावकडं ऊस असलेले दाजी, म्हणजे भाच्याचे वडील, आणि शेजारचे नाना. नानांची सगळी नोकरी एका पतसंस्थेच्या वसुली विभागात गेली. ते फराळाला आले होते आणि चिवडा संपेपर्यंत उठणार नव्हते.

भाच्यानं सुरुवातीलाच सांगितलं, "अगदी लो-बजेट आहे बरं का."

दाजी म्हणाले, "किती एकराचा?"

आमच्याकडं सिनेमाचा खर्च एकरातच मोजतात. भाऊराव कऱ्हाडेंनी 'ख्वाडा' करताना जमीन विकली हे ज्यानं त्यानं ऐकलंय. त्या पिक्चरला राष्ट्रीय पुरस्कारांत मान मिळाला, तेव्हापासून गावोगावच्या बापांनी सातबारा कपाटात कुलूपबंद करून ठेवलाय. भाच्यानं मोबाईलवर हिशेब केला. दहा लाख पौंडांच्या आत झाला होता, म्हणजे तेव्हाच्या दरानं साडेसहा कोटींच्या आसपास.

"साडेसहा कोटी, आन् लो-बजेट?" दाजी म्हणाले. "ह्याच्या बापाची बागायत गेली असंल सगळी."

पिक्चर सुरू झाला. आईनं चष्मा काढून पुसला, परत घातला, परत पुसला. "सगळं पिवळं पिवळं दिसतंय रे. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन वाया गेलं का काय?" भाच्यानं समजावलं की तो रंग मुद्दाम तसा ठेवलाय, ती शैली आहे. आईला शैलीचा आनंद झाला नाही, पण डोळे शाबूत आहेत याचा झाला.

पहिल्याच प्रसंगात एक जण रस्त्यावर पेटी मांडून चोरीचे दागिने विकत असतो आणि पोलीस दिसताच माल टाकून पळत सुटतो. कापड बाजारात ज्यांनी उभं आयुष्य खरेदी केली त्यांना यात नवल वाटलं नाही. "अतिक्रमणवाल्यांची गाडी आली वाटतं," दाजी म्हणाले आणि मांडी घालून बसले. लंडनशी त्यांची ओळख झाली होती.

कथा अशी. चार मित्र पैसे जमवतात आणि त्यातला एडी हा हॅचेट हॅरी नावाच्या दादाकडं पत्ते खेळायला जातो. खेळ आपल्या तीन पत्तीसारखाच. हॅरी लबाडी करून जिंकतो आणि एडीच्या डोक्यावर पाच लाख पौंडांचं कर्ज बसतं. मुदत एक आठवडा. नाही दिलं तर बोटं तुटणार, आणि वर एडीच्या बापाचा बार हॅरीला हवाय.

इथं नानांनी चिवड्याची वाटी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर नोकरीतलं तेज आलं.

"थांबव रे जरा. पाच लाख पौंड म्हणजे आजच्या भावानं पाच कोटींच्या वर गेले. ह्या पोराला दिले कशावर?"

"दिले नाहीत नाना, तो हरला."

"तेच ते. उचल झाली ना? मग जामीनदार कोण?"

भाच्याकडं उत्तर नव्हतं. गाय रिचीकडंही नसावं.

"दोन जामीनदार नाहीत, तारण नाही, बापाच्या बारचा बोजा चढवलेला नाही. आणि आठवड्यात वसुली? अरे, आमच्याकडं साधी नोटीस पोचायला महिना जातो. घेणारा सापडत नाही, सापडला तर तो म्हणतो मी तो नव्हेच. मग 101 खाली अर्ज, तारखा, दाखला, मग 107 खाली जप्ती. जप्तीला गेलं की ट्रॅक्टर मेव्हण्याच्या नावावर निघतो." नानांनी एक सुस्कारा सोडला. "हॅरीचा धंदा बसणार. लिहून ठेव."

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातलं कलम 101 आणि नियमांतला 107 हे सहकाराच्या या जिल्ह्यात लहान पोरांना पाढ्यांआधी येत असावेत असा मला संशय आहे. ज्या मातीत सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्या मातीत कर्ज या विषयावरचा कुठलाही सिनेमा सुखानं चालणं अवघडच. ज्या प्रसंगाला लंडनमध्ये प्रेक्षकांचा श्वास अडकत असेल, तिथं आमच्याकडं कागदपत्रं तपासली जातात.

हॅरीचा वसुलीवाला बिग ख्रिस मात्र नानांना आवडला. व्हिनी जोन्स नावाच्या फुटबॉलपटूनं हे काम केलंय. तो वसुलीला जाताना आपल्या लहान मुलाला बरोबर नेतो आणि कुणी मुलापुढं शिवी दिली तर त्याला झापतो. आईनं तत्काळ निकाल दिला, "हाच एकटा चांगल्या घरचा आहे." नाना म्हणाले, "माणूस कामाचा आहे. फक्त पावती देत नाही."

मग हॅरीचा दुसरा माणूस पुढं आला. त्याचं काम लेनी मॅकलीननं केलंय. भाच्यानं सांगितलं की हा खरोखर विनाहातमोज्यांच्या मारामाऱ्या करणारा गडी होता, आणि पिक्चर लागायच्या थोडं आधीच वारला. दाजींनी हात जोडले. कुस्ती बघत वाढलेल्या माणसाला पडद्यावर खरी मान लगेच ओळखू येते. "बाकी सगळी पाप्याची पितरं. हा एक पैलवान," ते म्हणाले. एडीच्या बापाच्या भूमिकेत स्टिंग आहे. हा जगातला केवढा मोठा गायक, असं भाचा फार उत्साहानं सांगत होता. "मग गाणं कधी आहे?" आईनं विचारलं. नाहीये म्हटल्यावर ती म्हणाली, "एवढा गायक आणून गल्ल्यावर बसवला!" कमी खर्चाच्या दाव्यावरचा तिचा विश्वास तिथं उडाला.

पुढं काही पोरं घरातच गांजा पिकवतात, ही गोष्ट येते. खोलीभर रोपं, वर दिवे. दाजी पुढं सरकले. त्यांच्या तीस वर्षांच्या शेतीत असं क्षेत्र त्यांनी पाहिलं नव्हतं.

"ही लाईट किती तास असते?"

"चोवीस तास, बाबा."

"थ्री फेज?"

"असेल."

दाजी बराच वेळ बोलले नाहीत. त्यांच्या पंपाला लाईट पाळीनं येते, आणि रात्रीची पाळी आली की उसात पाणी धरायला एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन जावं लागतं, कारण उसात बिबट्या असू शकतो. "त्यांना बिबट्याबी नसंल," शेवटी ते म्हणाले. त्या पोरांनी गुन्हा केला की नाही हा प्रश्नच त्यांच्यापुढं नव्हता. वीजबिल कोण भरतं, हा होता.

हे पीक लुटायचा बेत एडीच्या शेजारची टोळी करते आणि पातळ भिंतीतून तो एडीला ऐकू जातो. म्हणजे लुटणाऱ्यांना लुटायचं. इथं माझी कन्या, जी आतापर्यंत मोबाईलमध्ये होती, मान वर करून म्हणाली, "हे तर 'फिर हेरा फेरी' आहे!"

घरात एकदम प्रकाश पडला. खरंच की. कर्ज, दादा, शेजारची टोळी, भिंतीतून ऐकणं, जुन्या बंदुका! "चोरला ह्यांनी," दाजी म्हणाले. "बाबूराव तेवढा गाळला."

भाच्यानं कळवळून सांगितलं की हा 1998 चा आहे आणि 'फिर हेरा फेरी' 2006 चा. म्हणजे कुणी कुणावरून घेतलं ते उघड आहे.

"तारखा नको सांगू," नाना म्हणाले. "आम्ही आधी कुठला बघितला?"

या युक्तिवादाला जगातल्या कुठल्याही न्यायालयात उत्तर नाही. त्यानंतर सगळ्यांची नजर बाबूरावला शोधत होती. प्रत्येक नवीन टक्कल दिसलं की आई आशेनं पुढं वाकायची. बाबूराव झालेल्या परेश रावलशिवाय ही गोष्ट सांगणं म्हणजे बिनगुळाची पुरणपोळी, असं सर्वानुमते ठरलं. मला स्वतःला पिक्चर आवडत होता. त्याचा वेग, एकमेकांत अडकलेल्या टोळ्या, सगळ्यांना सगळं ठाऊक आहे असं वाटणं आणि प्रत्यक्षात कुणालाच काही ठाऊक नसणं, हे फार हुशारीनं रचलंय. पण हे बोलायला मला मध्ये फट मिळत नव्हती. एका क्षणी मात्र सगळे गप्प झाले. एवढ्या धामधुमीत एक जण चहाशिवाय लढाईला निघायला नकार देतो, आणि सगळं ब्रिटिश साम्राज्य चहावर उभं राहिलं असं सुनावतो. "बरोबर आहे त्याचं," आई म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

बंदुकांवर दाजींचं मत स्वतंत्र होतं. एका बड्या घरातून चोरलेल्या दोन जुन्या बंदुका, त्यांची किंमत लाखोंत, आणि ही पोरं त्या सातशे पौंडांना घेतात. "लायसन कुणाच्या नावावर?" त्यांनी विचारलं. गावात ज्याच्याकडं बारा बोअर आहे, त्याला प्रत्येक निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, पावती घ्यावी लागते, निकालानंतर परत आणावी लागते. बंदूक बाळगणं म्हणजे शौर्य नाही, हेलपाटे आहेत. "आचारसंहिता लागली की समजंल ह्यांना."

शेवटच्या भागात सगळ्या टोळ्या एकमेकांवर गोळ्या झाडतात. हॅरी मरतो. रामा शेट्टीच्या शेजारी तो कितपत टिकला, याचा विचार तोवर झालाच होता. ओरडत नाही म्हणून पन्नास गुण, पण खुर्चीत बसणं जमत नाही म्हणून तिथंच थांबले. मग बंदुकांची खरी किंमत कळते, आणि नेमका तेव्हाच चौघांतला एक जण त्या नदीत टाकायला पुलावर गेलेला. "आता तोंडात मोबाईल धरणार," आख्ख्या घरानं एका सुरात सांगितलं, आणि त्यानं धरला. पुलाला लटकलेला, तोंडात फोन, फोन वाजतोय, आणि पिक्चर संपला. भाचा आमच्या चेहऱ्यांकडं बघत होता. या शेवटाला लोक थक्क होतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं असावं.

"आमच्यात अक्षय कुमार होता तिथं," कन्या म्हणाली.

नाना मात्र पुलावर नव्हतेच. ते अजून थोडं मागं, बारमध्ये होते. बिग ख्रिस तिथं येऊन उरलेल्या तिघांपुढं पिशवी ठेवतो. पिशवीत पैसे नसतात, बंदुकांचं नुसतं छापील पुस्तक असतं. पैसे त्यानं स्वतःच ठेवून घेतलेले.

"अपहार," नाना म्हणाले. त्यांना आवडलेला एकुलता एक माणूस हातचा गेला होता. "वसुलीची रक्कम भरणा न करता परस्पर ठेवली. सरळ अपहार आहे हा."

"पण नाना, भरणा करणार कुणाकडं? हॅरी मेला ना."

"मेला म्हणून काय झालं? संस्था अवसायनात निघाली असं धर. मग अवसायक नेमतात. घेणी त्याच्याकडं, देणी त्याच्याकडं. त्या एडीचे नातेवाईक हरकत घेतील, ती वेगळी. बंदुकाही त्यातच येतात, नदीत टाकायचा ह्यांना अधिकार काय?" त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, चप्पल पायात सरकवली, आणि दारातून वळून भाच्याला विचारलं, "लंडनला उपनिबंधकाचं ऑफिस कुठं बसतं रे?"