खोक्यामागचा नंबर

प्रस्तुत लेखक नववीत असताना त्याच्या मामाने दुबईहून प्लेस्टेशन आणलं. करड्या रंगाचं, वर गोल झाकण असलेलं ते यंत्र डोंबिवलीच्या दोन खोल्यांत टीव्हीशेजारी स्थानापन्न झालं आणि दुसऱ्याच दिवशी आईने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. सोबत अस्सल सीडी एकच आली, 'रिज रेसर'ची. तिची पाठ काळीकुळकुळीत होती. पुढल्या चार वर्षांत लॅमिंग्टन रोडवरून आलेल्या बाकी सगळ्या सीड्यांच्या पाठी चंदेरी आणि पोटावर काळ्या मार्करने लिहिलेली नावं. स्पेलिंग दुकानदाराच्या मर्जीचं.

गंमत अशी, की घरातली ती एकमेव अस्सल सीडी, आणि खेळताना नेमकी तिचीच गरज पडत नसे. 'रिज रेसर' ही १९९४ साली जपानात प्लेस्टेशनबरोबर पाठराखीण म्हणून आलेली शर्यत. सुरुवातीलाच सगळा खेळ यंत्राच्या मेमरीत चढतो, तेही अवघ्या २ एमबीच्या. मग सीडी उरते फक्त गाण्यांपुरती. ती काढून दुसरी कुठलीही गाण्यांची सीडी घातली तरी शर्यत चालूच राहते. लेखकाच्या घरी गाण्यांची सीडी म्हणजे आईची अभंगांची. त्यामुळे लाल मोटार समुद्रकाठच्या वळणावर टायर करवादत घसरते आहे आणि मागे टाळ-मृदंग चालू आहेत, असा देखावा त्या घराने कित्येक रविवार पाहिला. आजीला हा खेळ फार आवडे.

बाकीच्या सीड्यांचं मात्र तसं नव्हतं. त्या लागायच्याच नाहीत. पुष्कळांना वाटे, अस्सल सीडीची काळी पाठ हीच कुलपाची किल्ली. पण तो निव्वळ रंग. खरं कुलूप सीडीच्या पोटात, अगदी आतल्या कडेला असे. तिथली खाच मुद्दाम थोडी डुलती ठेवलेली, आणि त्या डुलण्यात चार अक्षरं लपवलेली: जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई. घरच्या सीडी-रायटरला सगळं उतरवता येई, हे डुलणं काही जमत नसे. झाकण बंद झालं की यंत्र आधी ती अक्षरं वाचणार. नाही सापडली, तर खेळ नाही.

यावर उपाय दोन. पहिला फुकटातला: झाकणाखालचं बटण पेनाच्या स्प्रिंगने दाबून ठेवायचं, अस्सल सीडी दाखवायची, आणि यंत्राची खात्री पटली की फिरती सीडी उचलून तिथे नकली टेकवायची. मित्राचा पास टीसीला दाखवून स्वतः डब्यात शिरण्यातलाच हा प्रकार. यात लेखकाच्या बोटाचं साल दोनदा गेलं. दुसरा उपाय म्हणजे चिप मारून घेणं. दुकानदार यंत्र उघडून आत झुरळाएवढी चिप डकवी, चारपाच वायरी झाळी आणि यंत्र परत देई. ती चिप आत बसून त्याच चार अक्षरांचा अखंड जप करी. यंत्र भोळं. कानावर नाम पडलं की दार उघडी.

चिपेने दार उघडलं तरी खोकं काही मिळत नसे. ही उणीव लेखकाला 'मेटल गिअर सॉलिड'ने दाखवली. १९९८ सालचा हा हेरगिरीचा खेळ. त्यात एका टप्प्यावर मेरिल नावाच्या मुलीशी वायरलेसवर बोलल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही, आणि तिचा नंबर कुठे आहे म्हणाल, तर खेळातला एक म्हातारा सांगतो की सीडीच्या खोक्याच्या मागे. खोक्याच्या! लेखकाकडे खोकं नव्हतं, पिशवी होती. ती त्याने उलटीसुलटी करून पाहिली. मागे दुकानाचा पत्ता होता. खरा नंबर १४०.१५. दशांशापुढे शून्यापासून एकेक आकडा लावत गेलं असतं तर सोळाव्या खेपेला मिळाला असता. पण लेखकाने सुरुवात नेमकी दुसऱ्या टोकाकडून केली. सहामाहीचा भूगोल त्या आठवड्यात होता, एवढं इथे नमूद करून ठेवतो.

काही कंपन्यांनी चोरांचा सूड याहून रसिकपणे घेतला. २००० साली आलेल्या 'स्पायरो: यिअर ऑफ द ड्रॅगन'मध्ये फोडलेली प्रत लावली, तर झोई नावाची परी येऊन गोड आवाजात सांगते की तुमच्या खेळात कुणीतरी ढवळाढवळ केलेली दिसते, अडचणी येतील बरं का. आणि येतातच. गोळा केलेली रत्नं नाहीशी होतात, भाषा मध्येच बदलते आणि इतकं सोसून कुणी शेवटच्या चेटकिणीपर्यंत पोचलाच, तर लढाई ऐन रंगात असताना खेळ त्याला उचलून पहिल्या पायरीवर आणून ठेवतो आणि मेमरी कार्डावरची सगळी कमाई पुसून टाकतो. फोडणाऱ्यांना ही गाठ सोडवायला दोन महिन्यांहून जास्त लागले. लेखकाच्या मते दंड असाच असावा, हसतमुख.

पुढे आतेभावाकडे प्लेस्टेशन २ आलं. त्याची लेन्स गेल्यावर मेमरी कार्डातल्या एका करामतीने पेनड्राइव्हवरून खेळ चालू झाले. त्या यंत्राचं यूएसबी मात्र पहिल्या पिढीतलं, कमालीचं संथ. खेळ चाले, पण मधला सिनेमा सुरू झाला की नायकाला उचकी लागे. नंतर लॅपटॉपवरच प्लेस्टेशनचे खेळ चालवणारे एम्युलेटर आले आणि यंत्रही गेलं. खेळांची नक्कल करावी की नाही यावर लेखकाची पत्नी, जी वकील आहे, तिने कायदाच काढून दाखवला: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे रीतसर आहे, त्याला ती हरवू-बिघडू नये म्हणून नक्कल ठेवायची मुभा आहे. म्हणजे कायदा लेखकाच्या पाठीशी उभा राहणार तो एका 'रिज रेसर'पुरता. जिची खेळताना गरजच पडत नसे, तिच्यापुरता.

'मग विकत घे ना,' असंही ती म्हणाली. पण २०२३ साली अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने मोजदाद केली, तेव्हा तिथले ८७ टक्के जुने खेळ बाजारात मिळतच नाहीत असं निघालं. प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीचा इतिहासही मजेशीर. १९९९ साली कनेक्टिक्स नावाच्या कंपनीने मॅकवर प्लेस्टेशनचे खेळ चालवणारा एम्युलेटर काढला, तेव्हा सोनी कोर्टात गेली, २००० साली अपिलात हरली आणि पुढच्या वर्षी तो एम्युलेटरच विकत घेऊन तिने गुंडाळून ठेवला. आणि २०१८ मध्ये सोनीनेच 'प्लेस्टेशन क्लासिक' हे तळहाताएवढं यंत्र काढलं, त्यात २० जुने खेळ भरले आणि ते चालवायला आत बसवला पीसीएसएक्स रीआर्म्ड, म्हणजे हौशी मंडळींनी लिहून फुकट वाटलेला एम्युलेटर. सुनेला उंबरठा ओलांडू दिला नाही, पण सणाला तिच्या चुलत बहिणीच्या हातचं पुरण चाललं.

ते यंत्र लेखकाने घेतलं. हे मात्र बिल देऊन. झाकण हुबेहूब जुनं, फक्त उघडत नाही. परवा रात्री त्यावर 'फायनल फॅन्टसी ७' लावलं होतं. मूळ खेळ तीन सीड्यांचा. पहिली संपली आणि पडद्यावर दुसरी घालायची सूचना आली. लेखक सवयीने उठला, टीव्हीपाशी जाऊन उकिडवा बसला आणि नखाने झाकण उचकटू लागला. बारा वर्षांच्या मुलीने सोफ्यावरूनच सांगितलं, 'बाबा, ते बटण दाब नुसतं.'

बटण दाबलं. दुसरी सीडी लागली. लेखक तरी आणखी मिनिटभर तसाच बसून होता, कारण गुडघ्यांवरून लगेच उठणं आता जमत नाही.