रॅलीचा पुढचा मुक्काम

जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेने 2025 च्या हंगामासाठी पॅराग्वे आणि सौदी अरेबिया हे नवे देश निवडले. निवड उत्तमच. पण वाळवंट गाठण्याआधी कुणी पेठ नाक्यावरून आष्टामार्गे सांगलीला जाऊन आले असते, तर विमानखर्च वाचला असता.

फिनलंडच्या रॅलीत गाड्या हवेत उडतात, याचे जगाला केवढे अप्रूप! आमच्याकडे ही सोय गावोगावच्या वेशीवर, रंग न दिलेल्या गतिरोधकाच्या रूपाने, बारमाही आहे. केनियाची सफारी रॅली एकेकाळी चालू रहदारीतूनच धावे. ती थोर परंपरा आम्ही गाळप हंगामात, मागे दिवा नसलेल्या उसाच्या जोडट्रॉल्यांसह, निष्ठेने जपली आहे. सराव आणि शर्यत या दोन्ही दिवशी रस्ता तोच असावा, ही अपेक्षा तेवढी स्पर्धेच्या आयोजकांनी सोडावी. वळवाची एक सर पडली की सहचालकाची सगळी टिपणे जुनी होतात. प्रवेशशुल्क तासवडे टोलनाक्यावर आपोआप कापले जाईल.

अडचण एकच. सातारा-सांगली एसटी पहिली येईल. तीही सगळे थांबे घेऊन, सुट्ट्या पैशांचा वाद मिटवून. तिला व्यावसायिक ठरवून आधीच बाद करावे, ही नम्र विनंती.