मा. तीन महिन्यांची शुगर साहेब यांस

प्रति,
मा. एचबीएवनसी साहेब,
ऊर्फ तीन महिन्यांची शुगर,
मुक्काम पॅथॉलॉजी लॅब.

विषय : आपण काढलेल्या मेजर एनसीबाबत (नॉनकन्फर्मिटी, म्हणजे ऑडिटमधली मोठी त्रुटी) खुलासा.

महोदय,

स. न. वि. वि.

शेंद्र्याच्या एमआयडीसीत क्वालिटी खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ऑडिटरचं अप्रूप नाही. परदेशी पाहिले, पुण्याचे पाहिले, चष्मा कपाळावर ठेवून फाइल वाचणारेही पाहिले. ऑडिटची तारीख आली की शॉपफ्लोअरवरच्या पिवळ्या पट्ट्यांवर नवा रंग चढतो. गंजके जॉब ताडपत्रीखाली जातात. महिन्याभराच्या चेकशीट एका बैठकीत भरून होतात. संशय नको म्हणून मधेच शेजाऱ्याचं पेन उसनं घेतलं जातं. दुपारी साहेबांना जालना रोडवर जेवण, संध्याकाळी क्लोजिंग मीटिंग, टाळ्या.

आपण मात्र भलतेच निघालात. तारीख नाही, नोटीस नाही, उपाशीपोटी या अशी अटसुद्धा नाही. फास्टिंगवाले साहेब त्या मानाने भले गृहस्थ. दोन दिवस बेतानं खाल्लं की त्यांचा आकडा थोडाफार नरमतो. आपण थेट तांबड्या पेशींचं रजिस्टर उघडता. ही पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्यात रक्तातली साखर तिच्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते आणि चिकटली की खाडाखोड नाही. होळीची पुरणपोळी, चैत्रात मांगीरबाबाच्या जत्रेतली गोडीशेव, नाइटला पहाटे तीनचा चहा आणि क्रीमरोल, सगळ्याची नोंद झालेली, आणि तीही आमच्या सहीशिवाय! १९६८ साली तेहरानच्या सॅम्युएल रहबार यांनी मधुमेहींच्या रक्तातलं हे वेगळं हिमोग्लोबिन जगापुढे आणलं. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निदानासाठी आपल्याला मान्यता दिली. म्हणजे आपल्या सर्टिफिकेटवरही बोट ठेवायची सोय नाही.

साडेसहा किंवा त्याच्या वर आकडा गेला की मधुमेह. माझ्या कागदावर ८.४.

कंपनीच्या रिवाजाप्रमाणे व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस जोडत आहे. शुगर का वाढली? इन्सुलिन आहे, पण शरीर त्याला जुमानत नाही. का जुमानत नाही? पोटातली चरबी. पण वजन तर बेताचं, मग एवढी चरबी का? इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक मदतीला धावले. २००४ साली त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२. वरून सडपातळ, आतून चरबी, असं हे आपलं देशी मॉडेल. मॉडेल असं का? पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा १९९३ पासून अभ्यास करून त्यांच्या चमूने दाखवलं, की आपली बाळं जन्मतःच लहानखुरी, स्नायू कमी, पण चरबी राखून असतात. मग आईच्या पोषणाकडे बोट जातं.

पाचव्या ‘का’च्या रकान्यात मी १९७२ चा दुष्काळ लिहिला. माझ्या वेळी आई दिवस असताना दुष्काळी कामावर खडी फोडत होती. खायला सुकडी आणि मिलोची भाकरी. एकट्या माझ्यापुरतं हे सिद्ध करता येणार नाही, मान्य. पण फॉर्मात पुढे ‘जबाबदार व्यक्ती’ असा रकाना आहे. तो कोरा सोडला आहे, कृपया चालवून घ्यावा.

करेक्टिव्ह अ‍ॅक्शन सुचवणाऱ्यांची ददात नाही. बातमी फुटली त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये, चिकलठाणा यायच्या आत, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, भिजवलेली मेथी आणि कुणा बाबाची पुडी एवढे प्रस्ताव दाखल झाले. ‘गोळी लागली की सुटत नाही,’ असं बजावणारे आप्पा त्या वेळी तळहातावर तंबाखू मळत होते. घरी वहिनींनी ‘साखर नको, गुळाचा घ्या,’ म्हणून चहाचा कप पुढे केला. आपल्या रजिस्टरला गूळ आणि साखर यांतला भेद कळत नाही, हे त्यांना आपणच एकदा लेखी कळवावं. माझं कोणी ऐकत नाही.

एक तक्रार मात्र आहे. आपल्या ऑडिटची व्याप्ती फार अरुंद आहे. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज आहे. एकाच प्रकारची एवढी रिजेक्शन आली तर कुठलाही क्वालिटीवाला एकेका जॉबला दरडावत बसणार नाही, लाइन तपासेल. मग लाइन तपासा की! कारखाना कायद्याने १९४८ साली कामगाराला कॅन्टीन दिलं. चहात साखर आधीच कालवून ठेवावी असं त्याच्या कुठल्याही कलमात नव्हतं. पाळीपाळीने नाइट करणाऱ्या अमेरिकेतल्या नर्सचा मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला: अशी वर्षं जितकी जास्त, तितका मधुमेहाचा धोका जास्त. आमच्या शिफ्टच्या तक्त्यापर्यंत तो पोचलेला नाही. पलीकडे ऑरिक या नव्या औद्योगिक शहरात रुंद रस्ते झाले. ओव्हरटाइम करून सुटलेला माणूस त्यांवर चालायला जात नाही, बसमध्ये झोपतो. गेटवरच्या बोर्डावर मात्र ‘अपघाताविना दिवस’ रोज एकाने वाढतात. बोट कापलं तर तो आकडा शून्यावर येतो. माझे ८.४ त्यात धरत नाहीत.

सद्यःस्थिती अशी. एनसी क्लोज करून मागितली तर डॉक्टर हसले. ‘सातच्या खाली आणा, मग तिथे टिकवा,’ म्हणाले. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर सुरू आहे, डोळ्यांची आणि लघवीची तपासणी झाली. पायांचं त्यांनी बजावून सांगितलं, कारण नसा बधिर झाल्या तर सेफ्टी शूजमध्ये आलेला फोड कळत नाही. म्हणून शिफ्ट सुटली की लॉकररूमच्या बाकावर मोजे काढून मोबाइलच्या टॉर्चने तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघतो. शेजारच्या लॉकरवाल्याने विचारलं, ‘काय हरवलं का, काका?’ सांगितलं. दुसऱ्या दिवशी तोही मोजे काढून शेजारी बसला. चार वर्षं झाली म्हणाला शुगरला; लग्नात अडचण नको म्हणून घरच्यांनी कुणाला सांगू दिलं नव्हतं. त्याच्या टाचेला भेग होती, चांगली खोल. त्याला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात धाडलं.

हीसुद्धा करेक्टिव्ह अ‍ॅक्शन म्हणून नोंदवून घ्यावी. फॉर्मात तिच्यासाठी रकाना नाही.

आपला,
एक ऑडिटी, शेंद्रा

प्रत माहितीसाठी :
१. कॅन्टीन समिती. बिनसाखरेच्या चहाचा दुसरा थर्मास ठेवावा. खर्च उलट कमीच होईल.
२. सेफ्टी विभाग. गेटवरच्या बोर्डावर थोडी जागा शिल्लक आहे.
३. आप्पा. तंबाखूचं काय ठरलं?